आईपासून निघालेली रेघ
मुलीनं पेन्सिलीला टोक केलं की लाकडाचा वास येतो आणि मला औरंगपुऱ्यातली ती पहिल्या मजल्यावरची खोली आठवते. कॉलेजात असताना मला मधुमेह निघाला, तो घराण्यातून आलाय का हे समजून घ्यायला वडील मला हर्सूलहून स्कूटरवर तिथं घेऊन गेले होते. खाली रिक्षांचे हॉर्न, आत पंख्याची घरघर. समुपदेशक बाईंनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं आमचं घराणं काढलं, पुरुषांना चौकोन आणि बायकांना गोल. आईलाही मधुमेह होता म्हणून तिचा गोल काळा केला, ती गेलेली म्हणून त्यावर तिरकी काट मारली, आणि मग समजावून सांगायला तिथून थेट माझ्यापर्यंत एक रेघ ओढली. "तुझे आणि वडिलांचे रिपोर्ट बघता, हे तुला आईकडून आलंय," त्या हळूच म्हणाल्या. वडिलांनी मान खाली घातली. "काय बघा म्याडम, लेकराला देऊन गेली ते बी दुखणंच." यात दोष कुणाचाच नाही, असं बाई त्यांना सांगत राहिल्या. मी मात्र त्या रेघेकडं बघत होते. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. आमचा दोघींचा एकही फोटो नाही, आणि जो तो म्हणायचा, पोरगी अगदी बापावर गेलीय. निघताना मी तो कागद मागून घेतला. बाईंना वाटलं, डॉक्टरांना दाखवायचा असेल. आता फाईलमध्ये तो पार पुसट झालाय. काल मुलीची पेन्सिल घेतली आणि तेवढी एक रेघ गिरवली.