कपडे बदलायची खोली

ऋग्वेदाला सर्जन व्हायचं होतं. हे तिने आठवीतच ठरवलं होतं आणि ठाकूरद्वारच्या वाडीत तिचं कौतुकही झालं होतं, कारण आठवीतल्या मुलीने काहीही ठरवलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. आता ती परळच्या एका मोठ्या रुग्णालयात इंटर्न होती. पुढच्या शिक्षणाची शाखा निवडायला आठवडा उरला होता आणि आता मात्र सगळ्यांचंच बिघडत होतं.

सर्जरीच्या युनिटात एक जुनी रीत होती. जो इंटर्न हात धुऊन आधी उभा राहील, त्याला ऑपरेशनच्या टेबलाशी सरांच्या समोर जागा. बाकीच्यांनी मागून माना उंच करून बघायचं. रीत सरळ होती. फक्त डॉक्टरांची कपडे बदलायची खोली थिएटरला लागून होती आणि ती पुरुषांची होती. मुलींनी नर्सेसच्या खोलीत बदलायचं. ती मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात, आणि किल्लीवाल्या सिस्टर कायम राउंडवर. ऋग्वेदा धापा टाकत पोचेपर्यंत जागा गेलेली असे.

"मुलींना तयार व्हायला टाइम लागतोच यार," बरोबरचा इंटर्न मयूर म्हणायचा. त्याच्या मनात वाईट नसायचं. घरी बहिणीलाही तो हेच म्हणत आला होता आणि घरातले हसत आले होते.

एकदा तिने सरांकडे खोलीचा विषय काढला. "आमच्या वेळी मुली सर्जरीत यायच्याच नाहीत, त्यामुळे खोलीची गरज पडली नाही," सर मायेने म्हणाले. यावर कपाळ बडवून घेण्यापलीकडे काय करायचं?

मग हर्नियाच्या ऑपरेशनला तिने अक्कल लढवली आणि ती अंगाशी आली. आज पहिला येईल त्याला टाके घालायला देईन, असं सर म्हणाले होते. तिने थिएटरचे हिरवे कपडे वॉर्डाच्या बाथरूममध्येच चढवले, वरून ॲप्रन घातला आणि तडक आली. खरोखर पहिली आली. ॲप्रन काढून हात धुवायला लागली, तोच सरांना तिच्या पँटच्या ओल्या कडा दिसल्या.

"हे बाहेरून घालून आलीस? वॉर्डातले जंतू पेशंटच्या पोटात सोडायचेत?"

सर बरोबर होते. तेच सगळ्यात वाईट होतं. नियम खरा, चूक तिची, आणि ती केल्याशिवाय वेळेवर पोचायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती बदलायला निघाली तेव्हा मागे कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. ध्रुवही हसला. टाके त्यानेच घातले.

ध्रुव माटुंग्याचा. तिचा वर्गमित्र, आणि दोन्ही घरांनी मनातल्या मनात लग्न लावून टाकलेला. रविवारी तो जेवायला आला.

"सॉरी, हसायला नको होतं," तो म्हणाला. "पण तू कशाला एवढा त्रास करून घेतेस? स्किन घे ना. टायमिंग फिक्स, इमर्जन्सी नाही. घरात एक सर्जन पुरे."

"आणि तो तूच का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "अगं, माझ्या आईचं बघ. माझ्या दहावीला तिने स्वतःचा दवाखाना बंद केला. कधी एका शब्दाने कुरकुर नाही."

"तू विचारलंस तिला कधी?"

"त्यात विचारायचं काय?"

"समजूतदार बाई," म्हणत ऋग्वेदाच्या आईने, राजलक्ष्मीबाईंनी, त्याच्या पानात पापलेटचा आणखी एक तुकडा वाढला.

ऋग्वेदाने वडिलांकडे पाहिलं. कमलाकांतांनी तिला मुलगी म्हणून कधी काही कमी केलं नव्हतं. "बाबा, तुम्ही तरी बोला."

"मी तुझ्याच बाजूने आहे बाळा, म्हणून सांगतो. ध्रुवचं ऐक."

भांडावं तर समोर शत्रूच नव्हता. सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसं. तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून तिने मनाशी वाक्य जुळवलं, मी सर्जरीच घेणार आहे. दोनदा म्हणून पाहिलं. मग डोळे पुसून ती बाहेर आली.

बाबा फोनवर आत्याशी बोलत होते, खूप दिवसांनी इतक्या मोकळ्या आवाजात.

"हो, झालं एकदाचं. स्किन घेतेय. छे गं, आम्ही कशाला सांगतोय? तिचं तिनेच ठरवलं."