वरून काय मारायचं?

देवराम तीस वर्षं भातसानगरच्या विश्रामगृहात कामाला होता. चादरी बदलायच्या, चहा न्यायचा. आलेला साहेब कितीही तापलेला असो, आतल्या मोठ्या खोलीत अर्धा तास बसला की निवायचा. देवरामच्या मते ही करामत चहाची नव्हती, भिंतींची होती. दुधावरच्या जाड सायीसारखा त्यांचा रंग. पांढराच, पण डोळ्यांत न खुपणारा. निवृत्तीच्या दिवशी त्याचे डोळे भरून आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, माणसांसाठी रडतोय. तो त्या भिंतींकडे बघत होता.

डोळखांबजवळच्या आपल्या गावात त्याने नवं घर बांधलं आणि बाहेरच्या खोलीला तोच रंग आणला. गावातली बाकीची घरं पोपटी, जांभळी, गुलाबी. रंगारी कमळूने डबा उघडून आत पाहिलं.

"काका, हा तर प्रायमर दिसतो. वरून काय मारायचं?"

"वरून काय नाय. हाच."

"एक भिंत तरी मोरपंखी करू?"

"नाय."

कमळूने दोन हात मारले आणि जाताना हळूच म्हणाला, "कोणी इचारलं तर माझं नाव सांगू नका."

दुसऱ्या दिवशी शेजारची चंद्रकला आली. चारी भिंती पाहून तिने देवरामच्या बायकोजवळ आवाज खाली आणला. "काम थांबलं का गो देवकी? होईल सगळं. धीर सोडू नको." संध्याकाळी तिने वालाची आमटी पाठवली. मग चुलतभाऊ ज्ञानेश्वर अर्धी बादली पोपटी रंग घेऊन आला. "आमच्या घराचा उरलाय. लाजू नको, घरचाच समज."

देवराम प्रत्येकाला खुर्चीवर बसवायचा, चहा द्यायचा आणि अर्ध्या तासाने विचारायचा, "आता कसं वाटतं?"

"बरं वाटतं," ज्ञानेश्वर म्हणाला. "पण रंग कधी देणार?"

देवकी वैतागली. "लोक घरात येतात ते दुखवट्याला आल्यासारखे बसतात. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, रंग देऊन झाला."

"सांगितलं. चंद्रकला माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली."

तीन आठवड्यांनी कमळू स्वतःच आला. नाव लपवूनही ते फुटलं होतं. कमळू घरं अर्धी टाकून पळतो, असं गावभर झालं होतं आणि पलीकडच्या पाड्यावरचं ठरलेलं काम त्याच्या हातून गेलं होतं. तो उंबऱ्यावरच बसला.

"काका, फुकट मारतो. एकच भिंत."

देवरामला वाईट वाटलं. आपल्या आवडीपायी दुसऱ्याचं काम जावं, हे त्याला पटेना. त्याने ज्ञानेश्वरची बादली पुढे सरकवली. "भिंत नाय. खाली पट्टा मार. हातभर. त्याच्या वर एक थेंब उडता कामा नये."

कमळूने लुगड्याच्या काठासारखा सरळ पोपटी पट्टा खोलीभर ओढला. ते होईपर्यंत देवराम अंगणात पाठ फिरवून बसला होता.

गाव खूश झालं. चंद्रकला म्हणाली, "आता कसं घर घरासारखं दिसतं." कमळूला पाड्यावरचं काम परत मिळालं आणि तो देवरामचं घर लोकांना आपणहून दाखवू लागला.

पण आठ दिवसांत देवरामने पलंग एका भिंतीला लावला, ट्रंका दुसरीला, तांदळाची पिंपं तिसरीला. चौथीसाठी काही उरलं नव्हतं, म्हणून तो आतली भाताची कणगी बाहेर ओढू लागला. देवकी दारात उभी राहून बघत होती. आता ही रागावणार, असं त्याला वाटलं.

ती पुढे आली, पदर खोचून कणगीला दुसऱ्या बाजूने हात लावला आणि म्हणाली, "जरा डावीकडे घ्या. तिकडं अजून हिरवं दिसतंय."