मामूलची रसीद

"मामूल देना पडता," कंपाउंडर बोलला अन् मी शलवार गुडघ्याच्या वर ओढली. भर सरकारी दवाखान्यात. बाकांवर पंधरा मानसं बसून होती.

मले वाटलं, तो मामूली म्हनून राह्यला. माह्या पायाले मामूली! मंग दाखवला. पाह्य ना भाऊ, काडीवानी वाळला, हे टाक्याचे वन. कंपाउंडर खो खो हासला. आतून डॉक्टर आला. "अरे, ये तो पैर दिखा रही है!" मंग बाकांवरचेही हासले.

बाबानं कानात सांगतलं, "माये, मामूल म्हंजे वरचे पैसे. पाय झाक." धरनीनं पोटात घ्यावं असं झालं मले.

आमच्या तेलुगू मुलखाचं राज्य नवं झालं, मंग जिल्ह्याचे चार तुकडे झाले. त्यात माहं अपंगाचं सर्टिफिकेट जुनं ठरलं. नवं काढाले ऑपरेशनची फाइल पायजे. ऑपरेशन लहानपनी याच डॉक्टरनं केलतं, फाइल याच्याच कपाटात. मास्तरीन व्हायच्या कॉलेजात अपंगाची एक सीट होती, अन् कागद द्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. पाय माहा, फाइल माही, कुलूप त्याचं!

बाबाची बेला गावाजवळ वांग्याची वाडी. सकाळीच पिशवीभर वांगे त्यानं डॉक्टरच्या घरी पोचवले होते. आता चपला बाहेर काढून, वाकून, धोतराच्या सोग्यातून नोटा काढून राह्यला होता. ते पाह्यलं अन् माह्या डोक्यात सनक गेली.

"बाबा, ठेव ते." मी डॉक्टरले इचारलं, "मामूलकी रसीद देते क्या?"

त्याचं हासनं थांबलं. "मामूल की रसीद नहीं होती."

"तो लिखके दो, नहीं होती करके."

"निकलो!"

निंघालो. सीट गेली. दोघंही रडलो, खोटं काऊन सांगू?

पन आता दर सोमवारी मी त्या दवाखान्याच्या दारात बसते. अर्ज तेलुगूतच लागते, शाळेत शिकलेलं तेलुगू कामी येते. फाइल मागाले आलेल्याले फुकट अर्ज लिहून देते. पह्यले एकच सांगते, मामूल मांगतलं तं रसीद मांगा.

गेल्या सोमवारी कंपाउंडर बाहेर आला. हळूच म्हने, "बिना मामूल ले जा तेरा फाइल. पर इधर मत बैठ."

मी म्हनलं, "फाइल ला. मैं उठती नहीं."

अन् नाई उठत. त्या बाकांसमोर पुन्हा कोन्या पोरीले पाय उघडा करू देनार नाई.