तिआनजिनचा पाहुणा आणि आमचे मामंजी

बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि त्याच्या मागोमाग ते बसवायला एक चिनी इंजिनिअर आला. माझा नवरा तिथं देखभालीचं काम बघतो. एका रविवारी त्यानं मला न विचारता पाहुण्याला जेवायला बोलावलं. पाहुणा येऊन टेकतो न टेकतो तोच कारखान्यातून फोन आला, दुसऱ्याच कुठल्या मशीनचा पट्टा तुटला होता. "अगं, आलोच मी. तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतीस, बोल की त्याच्याशी," एवढं सांगून हा गाडीला किक मारून गेला.

पोरगी मैत्रिणीकडं खेळायला गेलेली. राहिलो आम्ही तिघं. पन्नाशीचा हसतमुख पाहुणा, मी आणि माझे सासरे. मामंजी मूळचे निपाणीचे, पण सगळी वकिली बेळगावात केलेली. आता त्यांचं कोर्ट सुटलंय, सीमाप्रश्न मात्र सुटलेला नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते हा प्रश्न पहिल्यापासून सांगतात. सिलिंडरवाल्यालासुद्धा.

पाहुण्याचं इंग्रजी माझ्या चिनीइतकंच. त्याच्या मोबाईलमध्ये भाषांतराचं ॲप होतं, पण त्यात मराठी धड चालेना, म्हणून हिंदी लावलं. मामंजींची हिंदी बेळगावची, ती ॲपला झेपेना. मग ठरलं असं की मामंजींनी बोलायचं, मी त्याची हिंदी करायची आणि मोबाईलनं चिनी. इकडे गॅसवर मटणाचा रस्सा, भाकऱ्या थापायच्या राहिलेल्या, आणि पाहुण्याला प्यायला सारखं गरम पाणी लागायचं.

"त्याला विचार, सीमाप्रश्न ठाऊक हाय का?" मामंजींनी सुरुवातच तिथून केली.

मोबाईलनं त्याला काय ऐकवलं देव जाणे. पाहुणा एकदम गंभीर झाला. त्याचं उत्तर मोबाईलमधली बाई हिंदीत म्हणाली, "मशीन की सीमा किताब में लिखी है. उससे ज्यादा मत चलाइए."

"काय म्हणायलाय?"

"मशीन जास्त ताणू नका म्हणतोय."

"कायबी कळंना ह्याला!" मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, जसं काही त्याला मीच शिकवून आणलं होतं.

मला खरं तर त्याच्या गावाबद्दल ऐकायचं होतं. दरवर्षी मी पोरांना परकीय व्यापार शिकवते, आणि बंदर म्हणून पाहिलंय ते गोव्याच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. हा माणूस तिआनजिनचा, एवढ्या मोठ्या बंदराच्या गावचा. गाव वाढलं कशावर, असं मी विचारलं. त्याचा चेहरा उजळला.

"मिठावर," तो म्हणाला. समुद्रकाठी मिठागरं होती. दक्षिणेतून बीजिंगला जाणारं धान्य कालव्यानं यायचं, तेही तिथूनच पुढं जायचं. मिठाचे व्यापारी तर राजासारखे राहायचे.

"आमच्या निपाणीत तंबाखूवाल्यांचं तसंच," मामंजी मध्येच म्हणाले. "सांग त्याला."

सांगितलं. पाहुण्यानं मान डोलावली आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट अदबीनं मामंजींपुढं धरलं. डॉक्टरांनी त्यांना सक्त मनाई केलेली. मी डोळे वटारले. त्यांनी घेतलीच.

मग पाहुण्यानं सांगितलं, पूर्वी लढाईत चीनची हार झाली आणि परक्यांनी गावचा नदीकाठ वाटून घेतला. इंग्रज, फ्रेंच, जपानी, इटालियन, अशा नऊ देशांच्या वसाहती एका गावात. प्रत्येकाचे पोलीस वेगळे, कायदा वेगळा.

"नऊ?" मामंजी ताठ झाले. "एका गावात? अगं, आमचं दोघांत मिटंना! दावा कुठल्या कोर्टात घातला विचार. आणि लोकांचं मत घेतलंतं का? आणि शाळा कुठल्या भाषेत…"

मी तव्यावर टाकून आलेली भाकरी आत करपल्याचा वास आला. माझं डोकंच फिरलं. "मामंजी, जरा गप बसा हो! मला त्याचं ऐकू दे!"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. मामंजी सिगारेटची राख झटकू लागले. मोबाईलला वाटलं मी पाहुण्याशी बोलतेय, त्यानं तेही चिनीत करून ऐकवलं. पाहुणा शाळकरी पोरासारखा हात बांधून बसला.

मग तो आपणहून हळूहळू बोलू लागला. नदीत गाळ भरत गेला, मोठी जहाजं शहरापर्यंत येईनात. मग बंदर समुद्रात भराव घालून लांब बांधलं. त्याचे वडील नदीच्या धक्क्यावर हमाल होते. पुढं सगळं घरच नव्या बंदराकडं हललं. त्यानं म्हाताऱ्या वडिलांना तिथल्या क्रेन दाखवायला नेलं. कंटेनर आपोआप उचलले जात होते. वडील इकडंतिकडं बघत म्हणाले, "माणसं जेवायला गेलीत का?"

मी हातातलं फडकं तसंच धरून उभी होते. मामंजींनी सिगारेट विझवली.

"विचार गं," ते हळू आवाजात म्हणाले, "त्याची पोरं घरात कुठली भाषा बोलतात?"

"आमच्या गावची बोली वेगळी," उत्तर आलं. "मुलगी शाळेतली चिनी बोलते. मी तोंड उघडलं की हसते."

मला वाटलं, आता तरी मामंजी विरघळतील. ते माझ्याकडे वळले. "ऐकलंस? मी सांगत होतो, नातीला इंग्लिश मीडियमला घालू नका!"

झालं. पाहुण्यासमोर आमचं ते जुनं भांडण नव्यानं पेटलं. नवरा परत आला तेव्हा पाहुणा स्वतःच्या हातानं पाणी गरम करून घेत होता.

"झाल्या का गप्पा?" नवऱ्यानं विचारलं. मी त्याच्या ताटात करपलेली भाकरी वाढली.

पाहुणा आपल्या गावी गेला. आता मामंजी येईल त्याला सांगतात, चीनमध्ये एक गाव नऊ राज्यांनी वाटून घेतलंय आणि खटला अजून चालू आहे.

"मामंजी, ते देश होते," मी दर वेळी सांगते. "आणि ते कधीच गेले."

"गेले? कसे गेले? ते विचारलं न्हाईस तू?"

आणि सिलिंडरवाला माझ्याकडं अशा नजरेनं बघतो, की खरंच, एवढं महत्त्वाचं विचारायचं ही बाई विसरली कशी.