स्टेजकडे पाठ करणारे शूटिंगमामा

शूटिंगमामा कार्यक्रमाचं शूटिंग करताना स्टेजकडे पाठ करून उभे राहायचे. ताडकळसच्या बाजार मैदानात आमचा बँड पहिल्यांदा वाजला तेव्हाही तसंच झालं. गायक गळ्याच्या शिरा ताणून पुढाऱ्यांना जाब विचारत होता, ड्रम फुटायच्या बेतात होता, आणि मामांचा कॅमेरा खाली बसलेल्या लोकांवर.

उभं आयुष्य त्यांनी लग्नं टिपली होती. आमच्याकडे कॅसेटमध्ये तोंड आलं नाही तर सोयरे वर्षभर रुसतात. "नवरानवरी कुठं जायलेत? पंगतीतलं एकबी तोंड सुटलं न्हाई पायजे," हा त्यांचा नियम. आमच्या फिल्मलाही त्यांनी तोच लावला.

बँडची गाणी मी लिहायचे. घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकंच जास्त होती. त्यावरच मी अक्षरं गिरवली. पुढच्या कार्यक्रमाला परवानगी मिळणार नाही हे दिसत होतं, म्हणून फिल्म गावोगाव दाखवायची, असं ठरलं होतं. मामांच्या दुकानात ती पहिल्यांदा पाहिली आणि मी भडकले.

"मामा, बँड कुठंय यात?"

"ऐकू यायलाय ना? मग झालं. दम धर, बघ."

पाहिलं. एक म्हातारी माझं धृपद गायकाच्याही आधी म्हणत होती. हिशोबी चेहऱ्याचा एक कारकून मूठ आवळून उभा होता. मी लिहिलेलं गाणं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. नंतर बोरी गावात भिंतीवर पडदा लावून ती दाखवली, तेव्हा लोक उठायलाच तयार नव्हते.

त्यानंतर चौथ्या दिवशी तक्रार झाली. गाण्यात आपली बदनामी केली, असं एका पुढाऱ्याचं म्हणणं. गुन्हा बँडमधल्या चौघांवर 'आणि इतर अनोळखी लोकांवर'. फिल्म घेऊन या, असा मामांना पोलीस ठाण्यातून निरोप आला.

मामा भरदुपारी माझ्याकडे आले. म्हणाले, "तुझ्याकडचा पेनड्राइव्ह दे. दुकानातलं समदं पुसून आलोय."

"मामा, आता फिल्मची ही एकच प्रत उरलीय! आपण खोटं काही बोललो नाही, हाच तर तिच्यात पुरावा आहे. घाबरताय कशाला?"

ते चिडले नाहीत. माझ्याच लॅपटॉपवर त्यांनी फिल्म लावली आणि एकेका चेहऱ्यावर थांबवत गेले. "ही अंगणवाडीत हाय. हा शाळेत शिपाई. ह्याचं पोरगं भरतीची तयारी करायलंय. ह्यो कारकून, बदलीसाठी चार वर्षं झुरतोय. समद्यांच्या लग्नाच्या कॅसेटी मीच काढल्यात, पोरी. कागदावर अनोळखी हायेत तंवर घरी हायेत."

"पण लढाई..."

"लढ की. पण तुझं नाव देऊन लढ. ह्यांचं देऊ नको."

फिल्म संपेपर्यंत मी भांडले. मग पेनड्राइव्ह दिला. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवून दगडानं ठेचला. पहिला घाव चुकून बोटावर बसला.

पुढे त्यांना रोज ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. कोण कोण होतं, याला त्यांचं एकच उत्तर: "साहेब, मी बँडचं शूटिंग करायलो होतो, लोकं कशाला बघू?" लग्नाच्या सुपाऱ्या थांबल्या. ज्यांना त्यांनी वाचवलं, त्यांच्यातलं कुणी त्यांच्या दारात फिरकलं नाही. मी संतापून पत्रकच लिहायला बसले, सगळ्यांच्या भ्याडपणावर. मामांनी फोनवर थांबवलं. "मीच सांगितलंय येऊ नका म्हणून. समोरच्या टपरीवर एकजण बसून राहतो, कोण येतंय ते लिहून घ्यायला. तूबी येऊ नको."

बँड राहिला नाही. गायक पुण्याला कामाला गेला, ड्रम कुणीतरी वरातीसाठी नेले. दुकान बंद करून मामा लेकीकडे निघाले, तेव्हा देवगाव फाट्यावर मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. बस यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं अनोळखी माणसांसारखे उभे राहिलो. बस आली. सामान त्यांनी स्वतःच चढवलं. मी हात केला नाही, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.