तुळईचा आकडा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुगवड्या घालत होते. पिठाचे हात तसेच राहिले... आणि रडू यायच्या आधी आठवलं काय, तर आमचं आईस्क्रीमचं पॉट. माझा भाऊच तसा होता, आठवला की आधी हसूच येणार.

पन्नासच्या दशकात तो वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात शिरलं, मांस गोठवून ठेवलं तर त्याची ताकद जाते का? आणि मांसाला हाडाशी बांधणारी ती चिवट पांढरी दोरी, कंडरा, तिची? झालं, आमच्या शाकाहारी घरात बोकडाच्या तंगड्या यायला लागल्या. काही ताज्या, काही बर्फात मीठ घालून गोठवलेल्या. बैठकीतल्या तुळईच्या आकड्याला एकेक तुकडा टांगायचा, खाली बादली बांधायची आणि तुकडा तुटेपर्यंत तिच्यात वाळू ओतत राहायची. ती बादली पाहून दोन स्थळं चहा न घेताच परत गेली.

तिसरं स्थळ वडनेरचं. ही मुलगी, शांता, दादानं एका लग्नात पाहिली होती आणि त्याच्या मनात पक्की बसली होती. आईनं बजावलं, "यंदा ते सोंग दिसलं त आयुष्यभर असाच राह्यजो." बिचाऱ्यानं बादली लपवली, वाळू झाडली, पण पॉटात काय ठेवलंय ते साफ विसरला. बर्फात पुरलेलं पॉट पाहून आईला वाटलं, पोरानं शहाण्यासारखं पाहुण्यांसाठी आईस्क्रीम केलं. मी कौतुकानं सगळ्यांसमोर झाकण उघडलं... आत तंगड्या.

शांताच्या वडिलांनी टोपी उचलली. दादाचा चेहरा पांढराफटक. शांता मात्र पॉटाकडे वाकून पाहत होती.

"हे बर्फ उतरल्यावर टांगता, का तसंच?"

"उतरू देतो."

"मंग आधी काय तुटते?"

"गोठवलेलं मांस लवकर फाटते. कंडरा मात्र ताजीएवढंच वजन पेलते," दादा खाली मान घालून म्हणाला.

"बाबा, बसा न. मले पाह्यचं हाय."

तिचे बाबा टोपी हातात धरूनच बसले. बर्फ उतरेपर्यंत दोन वेळा चहा झाला, मग दादानं बादली काढली आणि वाळू शांतानं ओतली. जाताना ते आमच्या आईला म्हणाले, "पोट्टी ऐकणार नाई आता."

पुढे त्याच आकड्याला त्यांच्या मुलांचे पाळणे लागले, नातवंडांचेही. तेराव्याला पुतण्या वर बघत म्हणाला, "आई, हा आकडा कापून टाकू का? रिकामाच तर लटकून राह्यला."

शांतावहिनी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले रिकामा दिसते. वजन हाय त्याच्यावर अजून."