मॅडम फाटकात अडकल्या तेव्हा

निवृत्तीच्या दिवशी माणसाला घड्याळ मिळतं, फार तर एखादी छत्री. काटेकाकांना घोडी मिळाली.

मालधक्का कायमचा बंद झाला तेव्हा तिथून दोघं मोकळी झाली. एक, तेहतीस वर्षं वजनकाट्यावर बसलेले काका, ज्यांना त्यामुळेच सगळी गल्ली काटेकाका म्हणायची. दुसरी, पार्सलच्या गोण्या पाठीवरून पलीकडच्या शेडमध्ये पोचवणारी एक तपकिरी घोडी. खुर्च्या, कपाटं, पंखे, सगळ्याची यादी झाली आणि ते ते सामान जिथल्या तिथे गेलं. घोडी कुठल्याच यादीत नव्हती. काका तिला घरी घेऊन आले आणि फाटकातूनच काकूंना ओरडून म्हणाले, “अगं, चार दिवसांचाच प्रश्न आहे!” त्या चार दिवसांना आता दोन वर्षं होत आली होती.

धक्क्यावरचे हमाल तिला मॅडम म्हणत, आणि अहो-जाहो करूनच बोलत. मॅडमचा स्वभावच तसा होता. पाठीवर ओझं चढलं की मॅडम कामावर. ओझं उतरलं की मॅडमची सुट्टी. एकदा का ओझं उतरलं की त्या कोणाकडे न बघता सरळ आपल्या खोपटात जायच्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आणि मग मोठे साहेब जरी हात जोडून आले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर यायच्या नाहीत. म्हणून धक्क्यावर त्यांना नेहमी दिवसाची शेवटची खेप देत. घरी आल्यावरही त्यांनी हा नियम सोडला नव्हता. एकदा काकूंनी त्यांच्या पाठीवरून कोळशाचं पोतं आणवलं आणि ते उतरवल्याबरोबर मॅडम जशा आत गेल्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीलाच दिसल्या.

काकू या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आठचं औषध आठ वाजून दोन मिनिटांनी दिलं तर ते औषधच नव्हे, अशा मताच्या. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी काकांकडे एकच गोष्ट मागितली होती. डोंगराखाली एक मोठं तळं आहे, घरापासून बारा किलोमीटर, तिथे दोन दिवस राहून यायचं. बस. दागिना नाही, साडी नाही, तळं. काकांनी हो म्हटलं, ट्रंक भरली आणि निघता निघता सवयीने काट्यावर ठेवली. ती बसमध्ये चालणाऱ्या वजनापेक्षा अकरा किलो जास्त भरली. दुसरा कोणी असता तर कंडक्टरकडे बघून गोड हसला असता, पण आपल्याच काट्याला आपणच कसं फसवायचं? काकांनी ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून तोलायला घेतली. बस गेली. पुढच्या वेळी दोर कमी पडला, त्याच्या पुढच्या वेळी छत्री आडवी की उभी यावर अडलं. अशा सात वेळा ट्रंका भरल्या आणि सातही वेळा दारातच रिकाम्या झाल्या.

या वेळी काकू चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, “येत्या शनिवारी आठ वाजता मी निघणार. तुम्ही आणि मॅडम आलात तर तिघं जाऊ. नाहीतर मी एकटी बसने जाईन, आणि पुन्हा या घरात तळ्याचं नाव काढायचं नाही. माझे गुडघे अजून एखादं वर्ष चालतील. पुढच्या वर्षी तेही तुमच्यासारखी कारणं सांगायला लागतील.”

काका ओरडणाऱ्या काकूंना घाबरत नसत. या शांत काकूंनी मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

मंगळवारपासून अंगणात सामान जमायला लागलं. खोगिराच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या दोन मोठ्या कॅनव्हासच्या पिशव्या काकांनी शिवून आणल्या होत्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका बाजूला ओझं जास्त झालं की खोगीर सरकतं आणि जनावराची पाठ सोलवटते. पण हे वाक्य त्यांनी काकूंना दिवसातून चौदा वेळा ऐकवलं. ओट्याशेजारी स्प्रिंगचा काटा टांगला होता आणि घरातली हरेक वस्तू त्याच्या आकड्याला लटकून पुढे जात होती. खरारा, तोबरा, नाल साफ करायचा हूक, दावं, जास्तीचं दावं, आणि ते दावं हरवलं तर लागेल म्हणून आणखी एक दावं.

“स्वेटर घेऊ का?” काकूंनी विचारलं.

“घे. पण स्वेटर डावीकडे जाईल, मग उजवीकडे किटली न्यावी लागेल.”

“किटली कशाला? तिथे चहा मिळतो.”

“किटली चहासाठी नाही गं. स्वेटरसाठी.”

स्वेटरसाठी किटली आली. किटली ऐंशी ग्रॅम जड निघाली म्हणून डावीकडे साबण आला. साबण आला म्हणून उजवीकडे बूटपॉलिशची डबी आली. त्या घरात पॉलिश करावा असा बूट गेल्या दहा वर्षांत कोणाच्या पायात नव्हता. वाळलेलं गवत दाबून दाबून दोन्हीकडे भरलं, वर घोंगड्या कोंबल्या. काकू म्हणाल्या, “अहो, ही सगळी खोगीरभरती आहे.” काका म्हणाले, “आहेच. पण सारखी आहे.”

काकूंनी स्वतःची एक खांद्याची पिशवी भरली आणि बजावून सांगितलं की ही माझ्या खांद्यावर राहील, हिला हात लावायचा नाही. त्या आंघोळीला गेल्या तेव्हा काकांनी ती आकड्याला लावून पाहिली. दोन किलो तीनशे चाळीस. आतून काकूंचा आवाज आला, “किती भरली?” काकांनी पिशवी गुपचूप जागेवर ठेवली.

शुक्रवारी काकूंनी दीड डझन मोसंबी आणली. ती डावीकडे गेली, कारण उजवीकडे तळाशी काकांची लाकडी पेटी बसली होती. मालधक्क्यावरचा जुना पितळी तराजू आणि त्याची मापं. काका ती बरोबर नेणार होते. वाटेत आपण खाणार, मॅडम खाणार, की एका बाजूचं वजन घटलंच. मग प्रत्येक थांब्यावर तोलायला नको? शेजारचे सुतार कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून चहा पीत हा सोहळा रोज बघत होते. काका त्यांना अभिमानाने सांगत, “डावी बाजू एकोणीस किलो सहाशे. उजवी बाजू एकोणीस किलो सहाशे.” सुतार म्हणत, “वा!” आणि पिशव्यांकडे डोळे बारीक करून बघत राहत. त्यापुढे काही बोलत नसत.

शनिवार उजाडला. घोडामैदान आता अगदी जवळ आलं होतं. काका पाचलाच उठले होते. खोगीर चढलं, पोटाखालचा तंग आवळला, पिशव्या लटकल्या, वरून दोर फिरले आणि गाठी बसल्या. पावणेआठला शेवटची गाठ मारून काका मागे सरकले आणि मॅडमकडे समोरून बघितलं. खोगीर अगदी मध्यावर होतं. आठव्या खेपेला का होईना, जमलं होतं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मॅडमच्या मानेचा मुका घेतला.

काकू पायात चपला घालून, पिशवी खांद्याला लावून आधीच बाहेर बोळात उभ्या होत्या. त्यांनी मॅडमचं दावं हातात घेतलं आणि म्हणाल्या, “चला.”

मॅडम निघाल्या. डोकं फाटकातून गेलं, मान गेली, पुढचे पाय गेले. मग दोन्हीकडच्या विटांच्या खांबांवर कॅनव्हास कचकन घासलं आणि मॅडम थांबल्या. निम्म्या बोळात, निम्म्या अंगणात.

काका मागून म्हणाले, “चला की.” मॅडमनी जोर लावला. पिशव्या आणखी घट्ट बसल्या.

काकांनी त्या ओझ्याचं वजन चार दिवस तोललं होतं. ते किती रुंद होतंय हे एकदाही पाहिलं नव्हतं.

“छत्तीस इंच आहे फाटक,” भिंतीवरून सुतार म्हणाले. “मीच बसवलंय. तुमचं ओझं एकोणचाळीसच्या खाली नाही.”

“अहो, मग काल का नाही बोललात?”

“तुम्ही रुंदी कधी विचारलीत? मला तर वजनच सांगत होतात.”

आता मॅडम मागे येईनात, कारण पाठीवर ओझं असताना मागे जायचं असतं हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. ओझं उतरवून बाहेर नेऊन पुन्हा चढवावं, तर ओझं उतरल्याबरोबर मॅडमची सुट्टी सुरू होणार होती. मग शनिवार संपला, आणि तळंही संपलं. घराला दुसरं दार नव्हतं. बाहेर काकू, आत काका, मध्ये बूच बसावं तशा मॅडम.

“आठला दहा कमी,” पलीकडून काकूंचा आवाज आला. रागाचा नव्हता. वॉर्डात वेळ सांगावी तसा होता.

काकांनी मॅडमच्या पोटाखालून वाकून पाहिलं. त्यांना काकूंच्या चपला दिसल्या. नव्या होत्या. या सहलीसाठी काकूंनी चपला घेतल्या होत्या आणि काकांना ते आत्ता, घोडीच्या पायांमधून कळलं. त्यांना फार लाज वाटली. सात वेळा ही बाई अशीच तयार होऊन दारात उभी राहिली होती, आणि सातही वेळा आपण आत काहीतरी तोलत बसलो होतो. सामान जास्त झालं म्हणून नव्हे. काट्यावर बसलं की सगळं कळतं, बाहेर काय होईल ते कळत नाही, आणि त्याची आपल्याला भीती वाटत होती. हे त्यांना आज इतक्या वर्षांनी स्वतःशी कबूल करावं लागलं, तेही घोडीच्या शेपटीमागे उभं राहून.

“ओझं पाठीवरच ठेवून आतलं काढा,” सुतार म्हणाले. “एका बाजूचे दोन इंच, दुसरीचा एक. जास्त नको.”

काकांनी उजव्या पिशवीत हात घातला. घोंगडी काढली. तितक्याच वजनाचं डावीकडून काय काढायचं म्हणून त्यांची नजर सवयीने आकड्याकडे गेली.

“आठला सहा कमी.”

त्यांनी आकड्याकडे पाठ केली. डावीकडून गवत उपसलं, दावं काढलं, दुसरं दावं काढलं, साबण अंगणात फेकला. उजवीकडून किटली गेली, बूटपॉलिश गेलं. मॅडम तसूभर पुढे सरकल्या आणि पुन्हा अडल्या. उजव्या बाजूला काहीतरी टणक खांबाला भिडलं होतं. काकांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना पेटीचा कोपरा लागला.

“आठला दोन.”

काका क्षणभर तसेच थांबले. ही पेटी त्यांनी तेहतीस वर्षं रोज सकाळी उघडली होती आणि रोज संध्याकाळी पुसून ठेवली होती. मग त्यांनी दात आवळले, पेटी ओढून बाहेर काढली आणि भिंतीवरून सुतारांच्या हातात दिली. “सोमवारपर्यंत सांभाळा,” ते म्हणाले. “आणि फाटकही लावा.”

पिशवी आत दबली, कॅनव्हास खांबांवरून सर्रकन घसरलं, आणि मॅडम जणू काही झालंच नाही अशा थाटात बाहेर पडल्या. त्यांच्यामागोमाग काका. कोपऱ्यावरच्या शाळेच्या घड्याळाने आठचे ठोके द्यायला सुरुवात केली. काकूंनी मनगटाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि चालायला लागल्या.

बोळ संपायच्या आतच काकांचा जीव वरखाली व्हायला लागला. खोगीर डावीकडे कलत होतं. “अगं, थांब. डावी बाजू चार किलोनी जड झालीय. चार तरी. मॅडमची पाठ सोलवटेल.”

काकूंनी दावं धरून मॅडमना थांबवलं. खांद्यावरची पिशवी काढली आणि उजव्या पिशवीत सारली. “ही किती?”

“दोन किलो तीनशे चाळीस,” काका पटकन म्हणाले, आणि ओशाळले.

“उरलं किती?”

“एक किलो सहाशे साठ. आता उजवीकडे घालायला आहे काय आपल्याकडे? मी घरातून...”

“अहो, उजवीकडे कशाला घालायचं? डावीकडचं खाऊ या.” काकूंनी डाव्या पिशवीत हात घालून मोसंबी काढली. “एक किती भरेल?”

“दोनशे ग्रॅमच्या आसपास.”

“म्हणजे आठ. तीन तुमची, तीन माझी, दोन मॅडमना.” मॅडमनी आपला वाटा सालीसकट तिथेच संपवला. बाकीची काकूंनी काकांच्या कोटाच्या खिशांत भरली, दोन्ही खिशांत सारखी, ते मात्र त्या विसरल्या नाहीत. काकांनी वाकून खोगीर पाहिलं. ते मध्यावर आलं होतं. चार दिवस दोन्ही पारडी भरत बसण्याऐवजी एक पारडं थोडं खाऊन टाकावं, हे इतक्या वर्षांत त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर काकूंनी एक मोसंबं सोललं आणि चालता चालता त्याचे दोन भाग केले. एक काकांच्या हातावर ठेवला. तो मोठा होता, वीस-पंचवीस ग्रॅमनी तरी. काकांच्या हाताला ते ठेवल्याबरोबर कळलं. त्यांनी काकूंच्या हातातल्या लहान भागाकडे पाहिलं आणि पहिली फोड तोंडात टाकली.